जिवावर आलंय

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या माणसांना पुन्हा उभं करायचं, चालायला आणि जमलं तर बोलायला शिकवायचं, असं ते केंद्र होतं. खाटा बारा आणि व्यायाम करून घेणाऱ्या बाई दोन. मोठ्या बाई विभागाच्या प्रमुख. दुसरी सव्वीस वर्षांची, आठ महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेली. तिला रुग्ण छोट्या बाई म्हणायचे आणि मोठ्या बाई नुसतंच छोटी म्हणायच्या. उंचीनं ती मोठ्या बाईंपेक्षा चांगली वीतभर जास्त होती, पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं.

छोटी कामाला चोख होती. तिची फाईल उघडली की बघणाऱ्याचे डोळे निवायचे. तारीख, वेळ, व्यायाम, किती वेळा केला, सगळं जिथल्या तिथं. आणि स्वभावानं होती मऊ. शिकत असताना तिनं एका इस्पितळात पाहिलं होतं, एका आजींना त्या नको नको म्हणत असताना दोघांनी बखोटीला धरून उभं केलं होतं आणि आजी रडल्या होत्या. तेव्हाच तिनं मनाशी गाठ मारली होती की आपण कुणावर जबरदस्ती करायची नाही. रुग्णानं जराशी कां कूं केली की ती हात मागे घ्यायची आणि म्हणायची, "ठीक आहे, उद्या करू." हे तिचं ठरलेलं वाक्य होतं आणि त्याबद्दल तिला मनातून थोडा अभिमानही होता.

सात नंबरच्या खाटेवर पाणीवाले काका आले तेव्हा पहिल्याच दिवशी सगळ्या मजल्याची धांदल उडाली. सकाळची नर्स नवी होती. तिनं काकांना विचारलं, "काका, कसं वाटतंय?" काका छताकडे बघत स्पष्ट आवाजात म्हणाले, "जिवावर आलंय."

नर्सला ऐकू आलं ते जिवावर बेतलंय असं. ती धावत सुटली, डॉक्टर आले, छातीला तारा लागल्या, पट्टी निघाली. पट्टीत काही नव्हतं. डॉक्टरांनी काकांना विचारलं, छातीत दुखतंय का. काका म्हणाले, "जिवावर आलंय." तहान लागलीय का. "जिवावर आलंय." तुमचं नाव काय. काकांनी तोंड उघडलं, कपाळाला आठ्या पडल्या, बराच वेळ काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि शेवटी जे हाती लागलं तेच बाहेर पडलं, "जिवावर आलंय."

मग सगळ्यांना कळलं. डॉक्टरांनी छोटीला समजावून सांगितलं की अशा आजारात कधी कधी सगळे शब्द पुसले जातात आणि वर्षानुवर्षं जिभेवर घोळलेलं एखादंच वाक्य शिल्लक राहतं. कुणाची शिवी राहते, कुणाची बायकोला घालायची हाक राहते. ह्यांचं हे राहिलं होतं.

काका पाणीपुरवठा खात्यात होते. शहराच्या वरच्या भागाला पाणी सोडायचं काम त्यांच्याकडे होतं. रस्त्याच्या कडेचं लोखंडी झाकण उचलायचं, लांब दांड्याची चावी आत घालायची, व्हॉल्व उघडायचा आणि तीन तासांनी फिरून बंद करत यायचं. रोज पहाटे चारला उठून एकतीस वर्षं हेच. निवृत्त होऊन चौदा महिने झाले आणि एका सकाळी दाढी करता करता त्यांचा उजवा हात खाली आला तो परत वर गेला नाही. उजवा पायही गेला, आणि वाचा.

काकांची बायको, काकू, रोज अकराला यायच्या आणि पाचला जायच्या. त्या घरी पडदे शिवून द्यायच्या. येताना थर्मासभर चहा आणि एक न संपलेला पडदा बरोबर असायचा. खिडकीपाशी खुर्ची ओढून त्या काठाला टाके घालत बसायच्या, आणि फारसं बोलायच्या नाहीत. छोटीचा काकांबरोबरचा तास सकाळी नऊचा होता, त्यामुळे तो काकूंना कधी दिसलाच नाही.

तो तास असा जायचा. छोटी विचारायची, "काका, उठून बसायचं?" काका म्हणायचे, "जिवावर आलंय." छोटी हसून म्हणायची, "ठीक आहे, उद्या करू," आणि पलंगावरच हातपाय हलवून द्यायची. उभं राहायचं? जिवावर आलंय. ठीक आहे. चालायच्या सरावाच्या दोन आडव्या दांड्यांत, बारमध्ये, जायचं? जिवावर आलंय. बरं. डॉक्टरांनी सांगितलेलं तिच्या लक्षात होतं, की वाक्य एकच असलं तरी माणूस ते कधी अर्थानं वापरतो, कधी नुसतंच. पण काकांचा चेहरा खरोखरच जिवावर आल्यासारखा असायचा. ओठ मुडपलेले, डोळे अर्धे मिटलेले. तिला शंका घ्यायला जागाच नव्हती.

भिंतीवर खांद्याच्या व्यायामाचं एक मोठं चाक होतं. एकदा नर्सनं काकांना आधीच खुर्चीत बसवलेलं होतं, तेव्हा तिनं त्यांना तिथं नेलं, लुळा हात पट्ट्यानं चाकाच्या मुठीशी बांधला, डावा त्यावर ठेवला आणि फिरवायला सांगितलं. काकांनी ते चाक पाव फेरा फिरवलं आणि थांबले. मान एका बाजूला कलती करून बसून राहिले. तिनं मिनिटभर वाट पाहिली. पुन्हा पाव फेरा, पुन्हा थांबणं. बाकीचे रुग्ण तेवढ्यात वीस फेरे मारत होते. तिनं वहीत लिहिलं, गती मंद, उत्साह कमी.

केंद्राचा नियम असा होता की मुक्काम सहा आठवड्यांचा, पण तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी आढावा. रुग्णाची तयारीच नसेल तर त्याला घरी पाठवायचं आणि यादीतल्या पुढच्याला खाट द्यायची. यादी लांब होती आणि त्यातली माणसंही तितकीच आजारी होती, तेव्हा नियम काही निर्दयी नव्हता. आढाव्याच्या कागदावर सहकार्याचा एक रकाना होता आणि त्यात चार शब्द छापलेले होते: उत्सुक, तयार, नाखूष, नकार. छोटीनं विचार करून तिसऱ्या शब्दावर खूण केली. नकार लिहिणं तिला काकांवर अन्याय केल्यासारखं वाटलं.

सोमवारी सकाळी निर्णय झाला. काकांना शनिवारी घरी पाठवायचं. सात नंबरची खाट एका शिक्षिकेला द्यायची, तिला तसं कळवलंही. काकूंना सांगायचं काम छोटीकडे आलं.

दुपारी ती काकूंपाशी स्टूल ओढून बसली आणि जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं. काकूंनी रडारड केली नाही की आवाज चढवला नाही. त्यांनी कागद बघायला मागितला. चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचला. बोट तिसऱ्या शब्दापाशी थांबलं.

"नाखूष. हे कुणी लिहिलं?"

"मी लिहिलं, काकू."

"ह्यांना विचारून?"

"ते स्वतःच म्हणतात ना. काहीही करायला सांगितलं की जिवावर आलंय. मी जबरदस्ती करू शकत नाही."

काकूंनी सुई कापडात टोचून ठेवली. "मग बरोबर आहे की," त्या म्हणाल्या. "जिवावर आलंय म्हणाले म्हणजे उठणार."

छोटीला वाटलं, आपलं ऐकण्यात काही चुकलं. पण काकू शांतपणे सांगत गेल्या. एकतीस वर्षं पहाटे चारला घड्याळ वाजायचं आणि अंधारात पहिलं वाक्य हेच यायचं. आधी काही दिवस नव्या नवरीला वाटलं, ह्यांना बरं नाही. ती म्हणायची, मग राहू द्या, आज नका जाऊ. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत ह्यांचे पाय जमिनीला लागलेले असायचे. थंडीत, तापात, आदल्या दिवशी भांडण झालेलं असलं तरी तेच. जिवावर आलंय म्हणायचं, जरा वेळ पडून राहायचं आणि उठायचं. पुढे पुढे काकूंना ते वाक्य ऐकू आलं नाही तरच जाग यायची.

"पण खरंच जायचं नसेल तेव्हा?" छोटीनं विचारलं.

"तसे दिवस आले किती? दोन. एकदा सासूबाई गेल्या तेव्हा. आणि एकदा साहेबानं चारचौघांत ह्यांच्यावर खोटा आळ घेतला होता, तेव्हा. त्या दोन्ही दिवशी हे काही म्हणजे काही बोलले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडले. मी हाक मारली तर ओ नाही." काकूंनी चष्मा काढला. "अहो बाई, जे करायचंच असतं ना, तेच माणसाच्या जिवावर येतं. ज्याला करायचंच नाही त्याच्या जिवावर कशाला येईल?"

भिंत हा शब्द तिच्या डोक्यात अडकून बसला होता. तिनं फाईल उघडली आणि मागची पानं उलटली. वाचा शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदाच यायच्या, म्हणून मधल्या दिवसांत छोटीच काकांना चित्रांची कार्डं दाखवायची. दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी तिच्याच सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: चित्रकार्डं अर्धा तास. रुग्ण शांत, भिंतीकडे वळून. विरोध नाही. सहकार्य: तयार.

तीन आठवड्यांत एकदाच तिनं काकांना तयार असं लिहिलं होतं, आणि नेमकं त्याच दिवशी काकांनी साफ नाही म्हटलं होतं.

"कसली चित्रं होती?" काकूंनी विचारलं.

"चेंडू. बदक. फुगा."

"मग काय तर," काकू म्हणाल्या. त्यांना हसू फुटलं आणि मग डोळ्यांना पाणी आलं, आणि ते पुसायला त्यांनी चुकून शिवायला आणलेल्या पडद्याचंच टोक उचललं. खाटेवरून काका दोघींकडे टकामका बघत होते.

मोठ्या बाईंच्या खोलीपर्यंतची पन्नास पावलं छोटीला फार लांब वाटली. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. आपला अहवाल चुकला असं आपल्याच तोंडानं सांगायचं, तेही निर्णय होऊन खाट दुसऱ्याला दिल्यावर. ती दारापाशी जाऊन परत फिरली, पाणी प्यायली आणि मग आत गेली.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे शब्दाचा अर्थ चुकला."

"हो."

"पण त्या शिक्षिकेला मी शब्द दिलाय. तिनं बॅग भरून ठेवली असेल. तिला आता काय सांगू, आमच्या छोटीला भाषा कळली नाही?"

छोटीनं मान खाली घातली.

"शुक्रवारी दहाला मी खाली येईन," मोठ्या बाई म्हणाल्या. "मला काकूंनी सांगितलेला अर्थ ऐकवू नकोस. काकांचे पाय दाखव. मग बघू."

मंगळवारी नऊ वाजता छोटी काकांपाशी उभी राहिली. काकूंना तिनं मुद्दाम लवकर बोलावलं होतं, पण बाहेर बसवलं होतं. तिनं विचारलं, "काका, उठायचं?" काकांनी ओठ मुडपले. "जिवावर आलंय."

तिच्या जिभेवर आलेलं ठीक आहे तिनं गिळून टाकलं आणि नुसती थांबली. असं थांबणं किती कठीण असतं ते तिला त्या दिवशी कळलं. एक मिनिट गेलं. हात कुठे ठेवावेत कळेना. दोन मिनिटं गेली. शेजारच्या खाटेवरचे आजोबा कुतूहलानं बघायला लागले. तिला वाटलं, काकूंचा अंदाज चुकला, बायकोला नवऱ्याबद्दल वाटतं तसं प्रत्यक्षात नसतं. चौथं मिनिट संपत आलं तेव्हा काकांनी डावा हात उचलला, त्या हातानं लुळा हात पोटावर ओढून घेतला, कुशीवर वळले आणि डावा पाय खाली सोडला. मग तिच्याकडे बघितलं, दुसऱ्या पायाचं काय, असं विचारल्यासारखं.

तिनं तो पाय उचलून खाली ठेवला. काका बसले. तोल जात होता, पण बसले.

तीन आठवडे रोज तिच्या सभ्यपणानं त्यांना चौथ्या मिनिटाच्या आधी गाठलं होतं. त्यांनी उठायची जुळवाजुळव करावी आणि हिनं प्रेमानं पांघरूण ओढावं, असं चाललं होतं. हे तिच्या ध्यानात आलं. पण वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता. शुक्रवारला तीन दिवस होते.

बुधवारी काकांचा जुना जोडीदार भेटायला आला. खालच्या भागाचं पाणी सोडणारा, ठेंगणा, बोलघेवडा माणूस. तो आला तेव्हा काका चाकापाशी बसले होते. पाव फेरा, थांबणं, मान कलती. छोटी बाजूला उभी राहून आता थांबायची सवय करत होती, पण हे काय चाललंय ते तिला अजूनही उमगत नव्हतं. जोडीदारानं दारातून बघितलं आणि तो मोठ्यानं हसला.

"अरे गड्या, इथंही पाणी सोडतोयस होय?"

काकांचा अर्धा चेहरा हसला. दुसरा अर्धा हसायचा प्रयत्न करत होता.

छोटीनं विचारल्यावर जोडीदारानं खुर्ची ओढली आणि तिला सगळं शिकवलं. व्हॉल्व एकदम उघडायचा नसतो. रात्रभर पाइपात हवा कोंडलेली असते. एकदम पाणी सोडलं की धक्का बसतो आणि खाली कुठेतरी जोड फुटतो. म्हणून पाव फेरा द्यायचा आणि दांड्याला कान लावायचा. आधी फुसफुस येते, मग घरघर, मग आवाज भरल्यासारखा होतो. तो भरला की पुढचा पाव. "ह्याचे कान आमच्यात सगळ्यांत तयार," तो म्हणाला. "आम्ही घाई करायचो, शिव्या खायचो. ह्याच्या भागात एकतीस वर्षांत एक जोड फुटला नाही."

"पण ह्या चाकाच्या मागे पाणी नाही," छोटी म्हणाली.

"ते त्याला माहीत आहे की. त्याच्या हाताला माहीत नाही, एवढंच."

वहिनी, तुमच्या हातचा चहा कुठाय, असं म्हणत तो काकूंकडे गेला. छोटीनं वही काढली, गती मंद, उत्साह कमी ह्या ओळीवर काट मारली आणि वर काय लिहावं ते न सुचून जागा मोकळीच सोडली.

त्या दिवसापासून तिनं व्यायामच पाव फेऱ्यांचा केला. उभं राहायचं तर एकदम नाही. पुढे वाकायचं आणि थांबायचं. वजन पायांवर घ्यायचं आणि थांबायचं. कमरेचा पट्टा ती धरून असायची, पण ओढायची नाही. काका मान कलती करून जणू आपल्याच गुडघ्यांचा आवाज ऐकायचे, आणि पटलं की पुढे सरकायचे. गुरुवारी दुपारी ते बारला धरून बावीस सेकंद उभे राहिले. काकूंनी मोजले. छोटीच्या घड्याळात अठराच झाले होते, पण तिनं बावीसच लिहिले.

शुक्रवारी दहाला मोठ्या बाई खाली आल्या. हातात पेन, कागद. छोटीनं काकांना खुर्चीतून बारपाशी आणलं आणि विचारलं, "काका, चालायचं?"

"जिवावर आलंय," काका म्हणाले.

मोठ्या बाईंनी छोटीकडे बघितलं. छोटी गप्प राहिली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता. खोलीतले बाकीचे व्यायाम आपोआप थांबले. मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण लावायला घेतलं, आणि काकूंनी, ज्या इतका वेळ दारात उभ्या होत्या, हळूच म्हटलं, "थांबा ना जरा. पाय जमिनीला लागतायत."

काका पुढे वाकले. थांबले. वजन घेतलं. थांबले. मग उठले. डावा पाय पुढे पडला, उजवा फरफटत त्याच्याजवळ आला. एक झालं. दुसरं पाऊल. तिसऱ्याला त्यांचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता. चौथ्याला उजवा गुडघा मुडपला आणि ते खाली जाणार तेवढ्यात छोटीनं पट्टा धरून त्यांना मागच्या खुर्चीत घेतलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काकांच्या कपाळावर घाम होता आणि ते त्या बारकडे असं बघत होते, जसं माणूस अर्धवट राहिलेल्या कामाकडे बघतो.

मोठ्या बाईंनी पेन कागदावर आडवं ठेवलं. मग म्हणाल्या, "खाट मी देऊ शकत नाही, ती दिली आहे. दिलेला शब्द मी फिरवणार नाही." काकूंचा चेहरा उतरला. "पण सकाळी सातची एक वेळ रिकामी आहे. रोज घरून यायचं, तास करायचा, परत जायचं. ती वेळ कुणालाच नको असते. इतक्या सकाळी घरातून निघणं सगळ्यांना नको वाटतं. ह्यांना चालेल?"

काकूंनी काकांकडे बघितलं. काकांनी उत्तर दिलं. काय दिलं ते सांगायला नको. मोठ्या बाई पहिल्यांदाच हसल्या आणि त्यांनी कागदावर सही केली.

ह्या सगळ्याचा छोटीच्या मनावर इतका परिणाम झाला की रविवारी तिनं बाबांना फोन लावला. तिचे बाबा दूर, दुसऱ्या गावी एकटे राहायचे. तिच्याकडे या म्हटलं की ते म्हणायचे, प्रवासाचं जिवावर येतं गं, आणि ती म्हणायची, बरं, राहू दे. ह्या वेळी तिनं तसं म्हटलं नाही. बाबा जिवावर येतं म्हणाले आणि ती गप्प बसून मिनिटं मोजायला लागली. दुसऱ्या मिनिटाला तिकडून आवाज आला, "हॅलो? हॅलो? लाइन गेली वाटतं," आणि बाबांनी फोन ठेवून दिला. तिनं परत लावला, काकांची सगळी गोष्ट सांगितली. बाबांना ती फार आवडली, पण ते म्हणाले, "मला मात्र खरंच नाही जमत गं एवढा प्रवास. कंबर धरते. तूच ये की." इतक्या वर्षांत हे कुणी स्पष्ट बोललंच नव्हतं. पुढच्या महिन्यात सुट्टी टाकून ती चार दिवस बाबांकडे राहून आली. शब्द तोच, पण माणूस बदलला की अर्थ पुन्हा नव्यानं विचारावा लागतो, एवढं तिला त्यातून कळलं.

काकांचे सकाळचे तास सुरू झाले. शेजाऱ्यांची गाडी त्यांना सोडायची, काकू बरोबर असायच्या. पहिल्या आठवड्यात बारच्या टोकापर्यंत पोचले. तिसऱ्या आठवड्यात चौपायी काठी आली. सात नंबरच्या खाटेवरच्या शिक्षिकेची वाचा शाबूत होती, डावी बाजू गेली होती. ती पहाटेच जागी व्हायची आणि काकांच्या तासाला येऊन बसायची. बदकाची कार्डं तिनंच बंद करायला लावली. तिच्या सांगण्यावरून छोटीनं नव्या चित्रांत पाना, घड्याळ, जिना, छत्री, चूल अशा मोठ्या माणसांच्या वस्तू आणल्या. काका ती चित्रं बघायचे, ओठ हलायचे, आणि शब्द काही यायचा नाही. पण भिंतीकडे वळले नाहीत.

काका केंद्रात आल्यापासूनच्या नवव्या आठवड्यात एका सोमवारी सात वाजले तरी काकांचा पत्ता नव्हता. सव्वासात झाले. छोटी खिडकीतून खाली बघत होती. ते कधी पाच मिनिटंसुद्धा उशिरा आले नव्हते. तिनं काकूंना फोन लावला, तो लागेना. सात पंचवीसला लिफ्टचं दार उघडलं आणि काका बाहेर आले. एकटे. शर्टाची बटणं एकेक घर चुकून लागलेली, एका पायात मोजा, दुसऱ्या पायात नाही. काठी टेकत, फरशीकडे बघत ते पुढे आले.

"काका, काकू कुठायत? तुम्ही आलात कसे?"

काका तिच्यासमोर थांबले. ओठ हलले. कपाळाला त्या नेहमीच्या आठ्या पडल्या, शोधाशोध सुरू झाली. ती थांबली. शिक्षिकाही खुर्चीत पुढे सरकून थांबली.

"बस," काका म्हणाले.

नऊ आठवड्यांत पहिला नवा शब्द. पण म्हणजे काय? तिला बसायला सांगत होते? की आता बस झालं, पुरे, उद्यापासून येणार नाही म्हणत होते? ती उत्तर गृहीत धरणार होती, तिनं ते धरलं नाही.

"बसू मी?" तिनं विचारलं.

काकांनी मान हलवली, नाही.

"बस झालं म्हणताय? पुरे?"

काका वैतागले. त्यांनी पुन्हा जोरात मान हलवली. त्यांनी काठी शिक्षिकेच्या खुर्चीला टेकवली, डाव्या हातानं शर्टाचा खिसा चाचपला, आणि त्यातून घामानं मऊ पडलेला एक चिटोरा काढून छोटीच्या हातावर ठेवला. बसचं तिकीट होतं. सहा चाळीसचं.

"बस," काका पुन्हा म्हणाले, ह्या वेळी अगदी ठामपणे, आणि चाकाकडे चालू लागले, कारण तासातली पंचवीस मिनिटं आधीच गेली होती.

तेवढ्यात काकूंचा फोन आला. आवाज बसलेला, तापानं फणफणलेला. काकांनी पहाटे त्यांना उठवलं नव्हतं, त्यांना जाग आली तेव्हा खाट रिकामी होती, शेजाऱ्यांना विचारलं तर गाडी दारातच उभी. हे तिथं आहेत का, एवढंच आधी सांगा. छोटीनं सांगितलं, आहेत, बसनं आलेत, एकटे, आणि काकू, बोलले. बस म्हणाले.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"अहो पण," काकू म्हणाल्या, "तिकीट मागायचं ते स्टॉप सांगून. ह्यांनी ते मागितलं कसं?"

छोटीनं ते विचारायला वळून बघितलं. काका चाकापाशी बसले होते, पट्टा स्वतःच दातांनी ओढून बांधत होते, आणि शिक्षिका त्यांना सांगत होती की आधी शर्टाची बटणं नीट करा.